उजव्या हाताची गाडी

२ मार्च

ही वही गाडीच्या वायरिंगची आहे. कुठली तार कुठून निघाली, कुठे गेली, रंग कोणता, एवढंच यात लिहायचं. मागच्या कामाच्या नोंदी चिठोऱ्यांवर केल्या होत्या. त्यातल्या दोन चहाच्या कपाखाली भिजून गेल्या आणि तिसरी आईने यादी लिहायला वापरली. म्हणून यावेळी वही.

आज आमच्या दुकानाचं शटर वर केल्यावर आधी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. अकरा महिने दादाची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल तिच्याखाली उभी होती. पुढचं चाक वाकडं, टाकीला पोचा, हेडलाईटच्या जागी नुसता गोल डोळा. दादा त्याच्या खुर्चीत बसला होता, डावा हात मांडीवर ठेवून. ठेवून म्हणजे उजव्या हाताने उचलून ठेवून. अपघातात खांद्यातली नस ओढली गेली, तेव्हापासून तो हात नुसता लटकतो.

"काय करतेस?"

"नीट करते गाडी."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. अजून कोण चालवतं ती?"

"बघ," म्हणाला.

दादाचं "बघ" म्हणजे होच असतं.

बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्याचं पत्र आलंय, त्याचा या कामाशी काही संबंध नाही. वायरिंग विभाग सांभाळायला बोलावलंय, पंधरा एप्रिलला हजर व्हायचं. गाव इतकं लांब की संध्याकाळी निघून सकाळी पोचायचं. मी अजून कळवलेलं नाही. आज दोन मार्च, म्हणजे चव्वेचाळीस दिवस. सहज मोजले.

४ मार्च

जुनं वायरिंग उतरवलं. टाकीखालून, सीटखालून, हेडलाईटच्या वाटीतून ओढत ओढत काढलं. जमिनीवर पडल्यावर कुणीतरी म्हातारीच्या डोक्यातला गुंता कापून टाकल्यासारखं दिसत होतं. पंचवीस वर्षांत ज्या ज्या मिस्त्रीने हात लावला, त्याने आपली एक तार घुसवली. हिरवी निघते आणि टेपच्या गाठीतून निळी होऊन बाहेर येते. दोन रिले, म्हणजे विजेचे खटके, नुसतेच टांगलेले, कशालाच न जोडलेले. इंडिकेटरची एक तार चक्क पायपुसण्याच्या चिंधीत गुंडाळलेली.

यात माझीही एक तार आहे. हेडलाईटची. अपघाताच्या आठवडाभर आधी मीच बदलली होती. दादा कालव्याच्या वळणावर संध्याकाळी पडला, आणि दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "लाईट गेली." आई पलंगाशी होती. मी दाराशी.

ती तार आज मीटरवर तपासली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली आहे. वाकवून तपासली, हलवून तपासली. कुठेतरी असणारच, आतल्या आत तुटून चिकटलेली. उद्या पुन्हा बघीन.

५ मार्च

पुन्हा बघितली. काही सापडलं नाही.

९ मार्च

कंट्रोल मॉड्यूल आलं. हाताच्या तळव्यावर मावणारी काळी डबी. मी आजवर दोनदाच बसवली आहे, दोन्ही वेळा हौशी गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर. दादाला समजावून सांगितलं, कारण तो बसल्या बसल्या भिंतीकडे बघत होता.

"आधी बॅटरीचा सगळा जोर हँडलवरच्या स्विचमधून जायचा, म्हणून जाड तारा, म्हणून रिले, म्हणून फ्यूज. आता बॅटरीची एकच जाड तार डबीत. हँडलवरच्या बटणाने फक्त डबीला खूण करायची. बटण दाबलं की डबी समजते आणि ती हॉर्न वाजवते, ती दिवा लावते. बटणाला दोऱ्याएवढी तार पुरते. इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद. आणि कुठली तार फ्रेमला टेकून शॉर्ट झाली, तर डबी तेवढीच लाईन तोडते, बाकीची गाडी चालू. फ्यूज फक्त बॅटरीपाशी, एक."

"म्हणजे आता घरात दोनच फ्यूज," दादा म्हणाला. मी लवकर भडकते म्हणून लहानपणापासून तो मला फ्यूज म्हणतो. बऱ्याच दिवसांनी म्हणाला. मी हसले.

झाकणावर प्रत्येक लाईनचा एक बारीक दिवा आहे. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे शॉर्ट. पिवळा म्हणजे तार सुटली किंवा तुटली. जुन्या गाडीत दोष शोधायला अख्खा दिवस जायचा, इथे डबी बोट दाखवते.

मग मी त्याला खरी गोष्ट सांगितली. तीन बटणं, तिन्ही उजव्या अंगठ्याखाली. क्लचची लिव्हरही मिस्त्रीकाका उजवीकडे घेणार आहेत. दोन्ही ब्रेक पायाखाली.

"आणि डावा हात?" त्याने विचारलं.

"डाव्या हाताला काहीच काम नाही!"

मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. तो उठून आत गेला. आनंद पचायला वेळ लागत असेल.

१३ मार्च

मिस्त्रीकाकांनी क्लच आणला. ते आमच्या बाबांच्या बरोबरीचे, इंजिनाचं काम त्यांचं, विजेचं माझं. लिव्हर बसवून, दहा वेळा दाबून बघून, हात पुसत म्हणाले, "पोरी, त्याला विचारलंस का?"

"काय?"

"चालवायची आहे का."

"काका, तो काय परका आहे? समोरच तर बसलेला असतो दिवसभर."

"तेच म्हणतो मी," म्हणाले आणि चहा न घेता गेले. काकांचं हल्ली असंच असतं. वय झालं.

१७ मार्च

जाड लाल: बॅटरीपासून मुख्य फ्यूज, तिथून डबी. काळी: डबीपासून फ्रेमच्या बोल्टला, रंग खरवडून. मागच्या बाजूला जाणाऱ्या पाच तारांचा एक कपलर (खटक्याने लागणारा-सुटणारा जोड) सीटखाली, म्हणजे मडगार्ड काढताना तारा कापायला नकोत. सगळ्या मिळून अकरा तारा. अकरा! उतरवलेल्या भाऱ्याशेजारी ठेवल्या तर कुणी म्हणणार नाही की दोन्हींचं काम एकच आहे.

दुपारी चारला पहिल्यांदा बॅटरी जोडली. डबीवर हिरवे दिवे ओळीने लागले. हॉर्न दाबला, वाजला. हेडलाईट लावला, समोरच्या शटरवर भलामोठा पांढरा गोल पडला. मी ओरडलेच. आई पदराला हात पुसत धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

दादा त्या गोलाकडे बघत होता. मग म्हणाला डोळे दुखतात, आणि जाऊन पडला.

एकोणतीस दिवस.

१८ मार्च

आईला डोळे तपासायला नेलं, औषध घालून तासभर बसवून ठेवतात. परत आले तर मागचा डावा इंडिकेटर बंद. डबीवर पिवळा. कपलर उघडला, पिन मागे सरकलेली. दाबून नीट बसवली नसणार मी. काल आनंदात घाई झाली.

२१ मार्च

बाजारात तारांवर चढवायची स्लीव्ह आणायला गेले होते. आल्यावर हॉर्नच्या लाईनला लाल. शोधलं तर हॉर्नची तार फ्रेमच्या कडेवर घासून सोललेली. मी ती तिथून नेलीच नव्हती, निदान मला तसं आठवत नाही. पण आठवण्यावर काय भरवसा? हेडलाईटचीही तार मी नीट जोडली होती, असं मला आठवतं.

दादा म्हणाला, "होतं असं. घाई नको करू."

तो इतका शांत असतो. मी असते तर तोंड सोडलं असतं.

२३ मार्च

ब्रेकचा दिवा. पिवळा. पिन. दुरुस्त केला. वेगळं काही नाही.

२६ मार्च

आज वायरिंग नाही, पण लिहिते.

सकाळी दादाची दाढी. मग शर्टची बटणं. ती त्याला स्वतः लावता येतात, वेळ लागतो, म्हणून मीच लावते. मग दुकान, दहा मिनिटांनी आत हाक, "पाणी." अर्ध्या तासाने हाक, "उशी." पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताजवळच असतो. आई हाक मारते ती वेगळी. दुकानातून स्वयंपाकघरात जायचं दार आहे ना, ते मी दिवसाला किती वेळा ओलांडते याची मोजदाद केली तर मी आत्तापर्यंत कारखान्याच्या गावाला चालत पोचले असते.

मला हे असं लिहायचं नव्हतं. माझ्यामुळे त्याचा हात गेला आणि मी उशीचं लिहिते.

दुपारी त्याची नखं कापली. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळं ग्रीस. म्हटलं, "कशात हात घातलास?"

"इथे बसतो ना दिवसभर. लागतं कुठे ना कुठे."

बिचारा. मी खुर्ची पुसून काढली.

३० मार्च

कारखान्यातल्या विभागप्रमुख बाईंचा फोन. त्यांची जागा मला मिळणार आहे, त्या निवृत्त होतायत.

"तुमचं काही कळलं नाही."

"घरी जरा अडचण आहे."

"अडचण कधी नसते, बाई? मी एकतीस वर्षं वाट बघतेय, एक दिवस नाही मिळाला."

मी म्हटलं, गाडीचं एवढं काम झालं की सांगते. "कसली गाडी?" त्यांनी विचारलं. मला नीट सांगता येईना. दादा बाहेर बसला होता, म्हणून मी हळू बोलत होते.

२ एप्रिल

गाडी चालवली! मीच. आधी सगळी लाईन तपासली, अकराही हिरवे. डावा हात मुद्दाम ओढणीने कमरेला बांधला, म्हणजे दादाला कसं वाटेल ते कळेल. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळून आले. पहिल्यांदा हँडल थरथरलं, मग जमलं. अंगठ्याला तिन्ही बटणं बरोबर सापडतात. परत येताना वारा लागत होता आणि मला वाटलं तशीच पुढे निघून जावं. म्हणजे दादाला किती बरं वाटेल, या अर्थाने.

रविवारी तो बसणार असं ठरवलं. मी ठरवलं. तो म्हणाला, "घसा बसल्यासारखा वाटतोय."

३ एप्रिल

काकांबरोबर सीटवाल्याकडे गेले होते. आल्यावर सेल्फचं बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. काल दहा वेळा सुरू केलेली गाडी.

मी जमिनीवर बसून रडले. दादा खुर्चीतून बघत होता, "अगं, असू दे ना," म्हणत होता. ही डबी मूर्खालासुद्धा चुकू देत नाही, अकरा तारा आहेत फक्त, आणि त्यासुद्धा माझ्या हाताने जागेवर राहत नाहीत. अशा बाईने बसचं वायरिंग करायचं? पन्नास माणसं बसतात एका बसमध्ये. एका माणसाचा हात घेऊन झाला, तेवढा पुरे.

कारखान्याला नकार लिहिला. चार ओळी. उद्या टाकते.

बटणाची तार हँडलच्या आत, टोकाशी सुटलेली होती. जोडली.

४ एप्रिल

क्रमाने लिहिते.

सकाळी दहाला पोस्टात जाऊन पत्र पेटीत टाकलं. येताना काही वाटलं नाही. कुणीतरी कानात कापूस घातल्यासारखं होतं. दुकानात आले, सवयीने दिवे तपासले. अकराही हिरवे. मग ब्रेकच्या पेडलवर पाय दिला.

ब्रेकचा दिवा लागला नाही. उजवा इंडिकेटर लागला.

उजवा इंडिकेटर दिला. ब्रेकचा दिवा लुकलुकला.

मी तशीच उभी राहिले. डबीचं चुकत नव्हतं. तिच्या दृष्टीने दोन्ही तारांच्या टोकाला बल्ब होता, तो पेटत होता, म्हणून हिरवा. सीटखालचा कपलर काढला. चार नंबरची तार पाच नंबरात, पाचची चारात. दोन्ही पिना ठाक बसलेल्या, खटका नीट मिटलेला, माझ्याहून सफाईने.

जुन्या वायरिंगमध्ये असं झालं असतं तर मी आठ दिवस स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या. अकरा तारांत तशी सोय नव्हती.

कपलर तारांसकट सोडवून दादाच्या मांडीवर ठेवला, त्या हाताशेजारी.

"चार आणि पाच," म्हटलं.

त्याने बघितलं. "धक्क्याने सुटलं असेल."

"धक्क्याने तार सुटते, दादा. उठून शेजारणीच्या घरात जाऊन बसत नाही."

आत भांड्यांचा आवाज होता, तो थांबला.

"मी पत्र टाकायला गेले होते," मी म्हटलं. "नकाराचं. मी इथेच राहायचं म्हणून नकार टाकत होते, आणि तू तेवढ्यात इथे हे करत बसला होतास."

त्याने मान वर केली. "नकार दिलास?"

"का केलंस?"

"अर्धवट काम टाकून तू कधी गेली नाहीस," तो म्हणाला. "लहानपणापासून. गाडी पूर्ण झाली असती तर गेली असतीस."

"कोण म्हणालं जाणार आहे?"

"कॅलेंडर बघ. पंधरा तारखेला नखाने खाच पडलीय. रोज बोट लावतेस तिथे."

मी बघितलं नाही. नंतर बघितलं. आहे खाच.

"मग सरळ सांगायचं, नको बनवूस गाडी. मला चालवायची नाही."

"तू विचारलंस?" आता त्याचा आवाज चढला. "वर्षभरात कुणी विचारलं? मला तिच्याकडे बघवत नाही. तू आपली क्लच इकडे, बटण इकडे. डाव्या हाताला काही काम नाही म्हणून टाळ्या वाजवतेस!"

ते खरं होतं. मी विचारलं नव्हतं. पण मला तेव्हा ते ऐकवलं नाही, आणि मी बोलायला नको ते बोलले. म्हटलं, "माझ्या तारेने तुझा हात गेला. मग मी काय करायला हवं होतं? नुसती दाढी करत राहू जन्मभर?"

"कुठली तार?"

"हेडलाईटची! अजून कुठली?"

दादाचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्याला चक्कर येतेय.

"त्या तारेला काही झालं नव्हतं," तो म्हणाला.

हे एकदा लिहून काढते म्हणजे खरं वाटेल. त्याला झोप लागली होती. दोन रात्री जागून काम केलेलं. गाडी नेऊ नकोस म्हणून आईने किल्ली डब्यात लपवली होती, ती त्याने शोधून नेली. वळणावर डोळा लागला. दवाखान्यात डोळे उघडले तर समोर आई. तिला काय सांगणार, म्हणून तोंडातून निघालं, लाईट गेली.

"मग दाराशी तू दिसलीस. तुझा चेहरा बघितला. म्हटलं, उद्या सांगू."

"एक वर्ष झालं, दादा."

"रोज उद्या म्हणत होतो. मग तू इतकं करायला लागलीस माझं. सांगितलं असतं तर..."

त्याने मांडीवरचा कपलर उचलला आणि परत ठेवला.

"मी एकटा काय करू इथे?" तो म्हणाला. "एका हाताने?"

"ज्या हाताने पिना उपटल्यास, त्याच हाताने बसव."

आणि बाहेर आले. शटर अर्धं खाली होतं, वाकायचं विसरले, कपाळाला लागलं. टेंगूळ आलंय.

५ एप्रिल

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"झोपेचं नव्हतं."

"आणि पिनांचं?"

तिने एका शर्टची घडी तीन वेळा घातली. "खिडकीतून दिसायचा. गुडघ्यात पक्कड धरून बसायचा. मी म्हटलं, निदान काहीतरी करतोय."

"आई, मी रडले परवा. तू आत होतीस."

"तू गेलीस की आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसणार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते औषधाचं असू शकतं. मला ठरवता येत नाही. कुणाच्याच बाबतीत काही ठरवता येत नाहीये.

रविवार आहे. गाडीचं कुणी नाव काढलं नाही.

६ एप्रिल

दाढी केली नाही. बटणं लावली नाहीत. दुकान उघडून कामाला लागले. अकराला दादा आला, शर्टाची बटणं लागलेली, एक चुकीच्या भोकात. आतून पाण्यासाठी हाक आली नाही.

दुपारी कारखान्यात फोन केला. बाईंना म्हटलं, मी एक पत्र टाकलंय, ते...

"मला कुठलं पत्र आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आलं तर वाचणार नाही. पंधराला येताय का?"

मी हो म्हटलं. यावेळी हळू बोलले नाही.

९ एप्रिल

दादाशी अजून बोलत नाही. पण बघते.

कपलर मी त्याच्या खुर्चीजवळच टाकून दिला होता. आज सकाळी त्याने तो टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात पकडला, कापडाचा तुकडा मध्ये घालून, म्हणजे प्लास्टिक फुटणार नाही. वाकून, तोंडात टॉर्च धरून, बारीक सुईने पाच नंबरचा खटका दाबला, आणि त्याच हाताच्या करंगळीने तार मागे ओढली. मला त्या कामाला दोन हात लागतात. पिन दुसऱ्या घरात घातली, टक् आवाज झाला. मग चारची. दहा मिनिटं लागली. घाम आला होता.

सीटखाली जोडून त्याने ब्रेक दाबला. ब्रेकचा दिवा लागला. तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही. तेवढ्यात एक रिक्षावाला आला होता, त्याचा हॉर्न वाजत नव्हता. दादा म्हणाला, "आण आत."

एक वर्ष हे सगळं त्याला येत होतं की या महिन्यात आलं? आमची गाडी बिघडवता बिघडवता शिकला असेल तर काय म्हणायचं याला? राग येतो आणि हसूही येतं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग येतो.

१२ एप्रिल

मिस्त्रीकाका आले. त्यांच्या समोरच दादा म्हणाला, "एकदा बसून बघतो."

मी म्हटलं, "नसेल बसायचं तर नको." आठ दिवसांतलं माझं त्याच्याशी पहिलं वाक्य.

तो बसला. काकांनी मागून सीट धरली. सेल्फ एका दाबात. गाडी धडधडत उभी, त्याचा उजवा हात मुठीवर, डावा जॅकेटच्या खिशात. हेडलाईट लावला. पाच मिनिटं असेल. मग त्याने गाडी बंद केली आणि उतरला.

"भीती वाटते," म्हणाला. साध्या आवाजात, भूक लागली म्हणावं तसं.

"बरं," काका म्हणाले. "चहा आहे का?"

दादाच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्याच्यासाठी गाडी बनवली असं मी या वहीत किती वेळा लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. बायकोसाठी साडी आणावी आणि आपल्याला आवडणारा रंग घ्यावा, तसं आहे ते. गाडी बनत होती तेव्हा मी सुटत होते. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. मिस्त्रीकाकांनी जवळपास सांगितलंच होतं.

१४ एप्रिल

संध्याकाळची गाडी आहे. बॅग एक, अवजारांची पेटी एक. आईने पेटी उचलून बघितली आणि म्हणाली, "यात दगड भरलेत का?" मग उचलून धरूनच उभी राहिली.

दादा शटरपाशी होता. मी म्हटलं, "मी अजून रागावलेली आहे."

"राहा," म्हणाला. "पण फोन उचलत जा."

११ मे

महिनाभर वही हातात घेतली नव्हती. खोली बरी आहे, खिडकीतून कारखान्याची भिंत दिसते. अठरा माणसं हाताखाली आहेत, त्यातली पाच मला आजमावून बघतायत. पहिल्या बसला तीनशे चाळीस तारा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जोड मी स्वतः दोनदा तपासत होते. बाई निवृत्तीच्या आधी म्हणाल्या, "एकदा पुरे." आता एकदाच तपासते, आणि झोप लागते.

इथे मला कुणी हाक मारत नाही. पहिले काही दिवस दर अर्ध्या तासाने मीच उठून दाराशी जात होते.

आज दुपारी जेवणाच्या सुटीत दादाचा फोन. एका कुरियरवाल्याची गाडी, चालता चालता बंद पडते, गार झाली की सुरू होते. तीन गॅरेज फिरून आलीय.

"गरम झाल्यावरच ना?" मी म्हटलं. "मग आधी कॉइल—"

"थांब, थांब. तू सांगू नकोस."

"का?"

"मला सापडलंय. ऐकवायला फोन केलाय."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. आधी त्याला काय वाटलं, मग ते कसं चुकलं, मग मीटर कुठे लावला, एका हाताने दोन टोकं धरता येत नाहीत म्हणून एक टोक आईला धरायला लावलं आणि आईने डोळे मिटून धरलं. मधेच आई मागून ओरडली, "मिटले नव्हते!" सुटीची घंटा झाली, लोक आत जायला लागले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तो अजून दुसऱ्याच तारेपर्यंत आला होता.